पैलवानाच्या छातीतली धडधड

पहिला झटका आला तेव्हा माझ्या मानेवर एका माणसाचा गुडघा होता.

देवासच्या आमच्या तालमीत सकाळचा सराव चालला होता. मी खाली, कोपरं मातीत रोवून, आणि वर आमच्यातलाच एक जड गडी सवारी भरून बसलेला. खाली पडणं मला नवं नव्हतं. खालून निघायची माझी स्वतःची रीत होती: उजवा खांदा ढिला सोडायचा, वरच्याला वाटू द्यायचं की हा गेला, आणि तो पुढे झुकला की त्याला डोक्यावरून टाकायचा. त्या दिवशी मी खांदा सोडला आणि तेवढ्यात छाती वाजायला लागली. दमल्यावर वाजते तशी नाही. बंद दारावर कुणी आतून लाथा घालाव्यात तशी. तोंड कोरडं पडलं, बोटांत मुंग्या आल्या, गळ्यात कापूस कोंबल्यासारखं झालं. आणि कुणी कानाशी येऊन सांगावं इतकं स्पष्ट कळलं की मी आता मरतो.

पुढचं मला इतरांनी सांगितलं. मी त्या गड्याच्या मांडीला रक्त येईपर्यंत चावलो. तो ओरडून बाजूला झाला तसं मी त्याच्या तोंडावर कोपर मारलं, त्याचा ओठ फाटला. मग मी उठलो आणि विहिरीच्या काठाला जाऊन थरथरत बसलो. थोड्या वेळाने सगळं उतरलं. अंगावरची माती वाळली होती आणि मी जिवंत होतो.

संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. आमचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या पागेत घोडे सांभाळणारं. माझे वडील पागेतच गेले. मला मात्र लहानपणापासून तालमीत घातलं होतं, कारण आमच्या घरात माझ्याएवढा आडव्या हाडाचा दुसरा कुणी नव्हता. दरबार गेला तशी दरबारची कुस्त्यांची दंगलही गेली. मी एका जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी उचलायच्या कामाला लागलो आणि जत्रेजत्रेतून कुस्त्या करत राहिलो. तेव्हा मी पंचविशीच्या आतबाहेर असेन. लग्न झालेलं होतं. मला भीती कशाची वाटावी असं काही माझ्या आयुष्यात नव्हतं, आणि हेच मला कुणाला समजावून सांगता येत नव्हतं.

आमचे वस्ताद साठीचे होते. कान कुस्त्यांनी चुरगळून सुक्या अंजिरासारखे झालेले. ते म्हणाले, "दम कमी पडला तुझा. बैठका वाढव."

मी बैठका वाढवल्या.

दुसरा झटका न्हाव्याच्या दुकानात आला. माझी मान मागे टाकलेली, गळ्याला साबण, वस्तरा हनुवटीखाली. आणि छाती वाजायला लागली. मी न्हाव्याचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. वस्तरा माझ्या जबड्यावरून कानापर्यंत ओढला गेला. रक्त साबणात मिसळून गुलाबी फेस झाला आणि माझ्या छातीवर उतरला. न्हावी मनगट पोटाशी धरून जमिनीवर बसला होता, वेदनेने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो म्हणाला, "पेलवान, पागल हो गए क्या?"

रागावून नाही, त्याने खरोखर विचारलं होतं. म्हणून तो शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला. मरण्याची भीती होतीच, तिच्या जोडीला आता वेड लागण्याची आली.

त्यानंतरचे दिवस विचित्र होते. झटका कधीमधी यायचा, पण त्याची वाट मी दिवसभर बघायचो. चालता चालता छातीवर हात ठेवायचो. वाजते का? नाही. आता? थोडी वाजते. वाजते म्हटलं की जोरात वाजायची. कधी कधी बाजारातून जाताना माणसं, दुकानं, उन्हातले बैल सगळे जाड काचेपलीकडे असल्यासारखे दिसायचे, आवाजही दुरून यायचे. एक तालीम सोडली तर जिथे एकदा झटका आला तिथे मी पुन्हा जात नसे. आधी न्हाव्याचं दुकान सुटलं. मग देवीच्या टेकडीवरच्या देवळातला गाभारा सुटला, कारण तिथे दार एकच आणि गर्दी मागून रेटत असते. मग कारखान्यातली गाठींची कोठी. मुकादमाला मी काहीतरी कारण सांगून बाहेरचं काम घेतलं. अंगाने मी तसाच होतो, दोन मणाची गाठ एका दमात उचलायचो. पण माझं देवास दिवसेंदिवस आक्रसत चाललं होतं.

तालमीत पुन्हा झटका आला तेव्हा वस्तादांनी उपाय ठरवला.

"ही भीती आहे," ते म्हणाले. "भीती मारून काढावी लागते. मी काढतो."

त्यांनी चार गडी बोलावले. मला मातीत उताणं पाडलं, दोघे हातांवर बसले, दोघे पायांवर, आणि छातीवर वाळूचं पोतं टाकलं. वस्ताद उकिडवे बसून कडुलिंबाच्या ओल्या फोकाने माझ्या मांड्यांवर मारू लागले. प्रत्येक फटक्याबरोबर विचारायचे, "कोणाला भितोस? बोल, कोणाला भितोस?" मला उत्तर माहीत असतं तर मी दिलं असतं. पोत्याखाली छाती अशी उसळत होती की वाळू सळसळताना ऐकू येत होती. मला दिसेनासं झालं. मी उजवा हात सोडवला, एकाचं बोट हातात आलं, ते मी मागे मोडलं. सुकी काडी मोडावी तसा आवाज आला. तो गडी किंचाळला. वस्तादांनी फोक टाकला आणि मुद्गलाच्या दांड्याने माझ्या खांद्यावर, पोटावर, सापडेल तिथे हाणायला सुरुवात केली. मी ओकलो तेव्हा ते थांबले.

मग ते माझ्याजवळ मातीतच बसले. त्यांचा श्वास माझ्यापेक्षा जोरात चालला होता. म्हणाले, "मला वाटलं होतं, निघेल."

माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग आला नाही. त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी मला दिलं होतं.

मला खरा उपाय सापडला असं वाटलं ते त्यानंतर, बाजारात. मी कारखान्यातून घरी येत होतो आणि चौकात झटका सुरू झाला. बोटांत मुंग्या, घसा बंद. पळून कुठे जावं ते कळेना. तेवढ्यात मागून येणाऱ्या गाडीवानाने मला आईवरून शिवी दिली, कारण मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. मी वळलो, त्याला गाडीवरून खाली ओढला आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ठोसा लागला त्या क्षणी भीती गेली. छाती तशीच वाजत होती, घाम तसाच होता, हात तसेच थरथरत होते. पण आता त्याला कारण होतं. मी मारामारी करत होतो, आणि मारामारीत छाती वाजतेच. गाडीवानाने चाबकाच्या मुठीने माझ्या भुवईवर घाव घातला, रक्त डोळ्यात उतरलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी हसलो. ते हसू बघून तो गाडी सोडून पळाला.

त्या दिवसापासून मी भांडणं शोधू लागलो. दारूडा दारूचं दुकान शोधतो तशी. छाती वाजायला लागली की नजर माणूस शोधायची. सोनकच्छच्या मंडीत हमालांशी भांडलो, त्यातल्या एकाने पोत्याचा आकडा माझ्या दंडात रुतवला, त्याची खूण अजून आहे. सतवासला बैलबाजारात एका दलालाला त्याच्याच खाटेवर आपटला, खाटेचा पाय मोडला आणि त्याच्या बरगडीत घुसता घुसता राहिला. कारखान्यात तर रोजचंच होतं. लोक म्हणायचे, पैलवानाच्या अंगात मस्ती आली. कुणी म्हणायचे, दरबार गेल्यापासून या लोकांचं डोकं फिरलंय. मला ते ऐकून दिलासा वाटायचा. मस्ती चालेल, डोकं फिरलेलं चालेल. भित्रा म्हणाले नाहीत ना.

माझी बायको धारची. तिचे वडील धारच्या दरबारी हत्तीचे माहूत होते. ती बोलायची कमी. मी रक्ताने भरलेला सदरा काढला की ती गार पाण्यात भिजवायची, गरम पाण्याने रक्त पक्कं बसतं म्हणून. एकदा मी दोन्ही हातांच्या बोटांची सालटी गेलेला घरी आलो. तिने हळद लावली. लावता लावता म्हणाली, "अहो, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही मारायला जाता की पळायला?"

मी तिला म्हणालो, लोक काय म्हणतात ते ऐकलं नाहीस का, माझ्या अंगात मस्ती आहे.

"मस्तीतला हत्ती मी पाहिलाय," ती म्हणाली. "त्याचा डोळा वेगळा असतो. तुमचा तसा नाही. लहान असताना आमच्या हत्तीने एकदा एका वैरणवाल्याला सोंडेत धरून भिंतीवर आपटलं होतं. तेव्हा तो मस्तीत नव्हता. त्याच्या पायाखाली कुत्रं आलं होतं. त्या वैरणवाल्याचं डोकं फुटलं, आणि हत्ती त्यानंतर कितीतरी वेळ थरथरत उभा होता."

मी हात ओढून घेतला. हळदीची वाटीच भिंतीवर फेकली. ती उठली, वाटी उचलली आणि उरलेली हळद पुन्हा कालवू लागली. मी तिच्यावर कधी हात उचलला नाही. पण त्या दिवशी माझा हात किती जवळ आला होता ते आम्हा दोघांनाही कळलं. ती काही दिवसांनी धारला माहेरी गेली. भांडून गेली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "बरं वाटलं की या. नाही वाटलं तरी या."

धारजवळच्या एका जत्रेत त्या वर्षी मोठी दंगल भरणार होती. सासऱ्यांनी माझं नाव दिलं. जोड ठरली होती बदनावरकडच्या एका पैलवानाशी. माझ्याहून वयाने लहान, उंच, हाताची बोटं खुरप्यासारखी. त्याचं आणि माझं नाव तेव्हा त्या भागात बरोबरीने घेतलं जायचं. लोकांनी दोघांवर पैसे लावले होते. वस्ताद माझ्याबरोबर आले होते. मी त्यांना आखाड्याच्या कडेला म्हणालो, "आज नको वाटतंय."

ते म्हणाले, "एकदा मातीत गेलास की वाटणार नाही."

दुपारचं ऊन होतं. ढोल वाजत होते. माणसं झाडांवर चढली होती. सलामी झाली आणि त्याने पहिल्याच धडकेत माझ्या मानेवर तळहाताचा असा ठोका दिला की दाढा वाजल्या. मी त्याच्या कमरेत शिरलो. त्याने माझं डोकं काखेत धरलं आणि आवळलं. त्याच्या घामाचा वास, ढोल, आणि काळोख. छाती वाजायला लागली. मी स्वतःला सांगितलं, ही मारामारी आहे, इथे वाजतेच. पण या वेळी ते लागू पडेना. माझा उपाय मला सोडून गेला होता. मला वाटलं की मी या माणसाच्या काखेत मरतो आणि हे सगळे बघतात. मी त्याच्या बरगडीवर ठोसे मारले, कुस्तीत मारत नाहीत तसे. त्याची पकड सुटली. मी आखाड्याच्या बाहेर उडी मारली आणि लोकांमधून वाट काढत पळत सुटलो.

 मग कुणीतरी ओरडलं, "नूरा!"

नूरा म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती. लोकांना वाटलं, मी पैसे घेऊन हरतोय आणि धड हरायलाही मला येत नाही. गर्दी मिटली. पहिली काठी गुडघ्यामागे बसली, मी पडलो. मग जोडे, काठ्या, दगड. कुणीतरी माझ्या नडगीवर दोन्ही पायांनी उडी मारली आणि हाड मोडलेलं मला कानाने कळलं. बरगड्या मोडल्या तेव्हा मात्र आवाज आला नाही, नुसती गरम सुरी फिरल्यासारखं झालं. एक म्हातारा माझ्या डोक्याशी उभा राहून शांतपणे, दम घेत घेत, छत्रीच्या टोकाने माझ्या गालावर टोचत होता. तो चेहरा मला अजून दिसतो. तिकडे आखाड्यात दुसरी गर्दी त्या बदनावरच्या पैलवानाला मारत होती, कारण नूरा एकट्याने होत नाही. वस्ताद माझ्या अंगावर आडवे पडले म्हणून मी वाचलो. त्यांच्या पाठीवर किती बसल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

शुद्ध आली तेव्हा मी धारच्या दवाखान्यात होतो. छातीला पट्ट्या आवळलेल्या, पाय फळ्यांत बांधून वजनाला टांगलेला, एक डोळा सुजून बंद. बायको शेजारी बसली होती.

तिसऱ्या प्रहरी तिथेच झटका आला.

आतापर्यंत झटका आला की मी दोनच गोष्टी केल्या होत्या. पळालो होतो किंवा मारलं होतं. इथे पळायला पाय नव्हता आणि मारायला हात उचलला की बरगड्या आत टोचायच्या. छाती पट्ट्यांवर धडका देऊ लागली. मी बायकोला म्हणालो, "मी मरतोय."

 तिने मला धरलं नाही, कुणाला हाकही मारली नाही. म्हणाली, "मी इथेच आहे. काय होतं ते बघू."

मग आम्ही बघितलं. धडधड वाढत गेली, आणखी वाढली, इतकी की आता यापुढे फुटणंच उरलं असं वाटलं. खाटेच्या लोखंडी कडा मी धरून ठेवल्या होत्या. घाम डोळ्यातल्या जखमेत गेला, आग झाली. आणि मग, मी काहीही केलेलं नसताना, ती चढायची थांबली. थोडा वेळ तशीच राहिली आणि उतरू लागली. खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटत होतं, तो आवाज पुन्हा जवळून ऐकू यायला लागला.

"गेलं?" बायकोने विचारलं.

"गेलं."

"आपोआप?"

मला रडू आलं. रडताना बरगड्या दुखत होत्या म्हणून धड रडताही येईना.

तिनेच हे डॉक्टरांना सांगितलं. मी सांगितलं नसतं. डॉक्टर पन्नाशीचे होते, आधी फौजेत असलेले, लढाईवर जाऊन आलेले. त्यांनी नळी लावून माझी छाती पुढून मागून तपासली. मग स्टूल ओढून बसले.

"तुझं काळीज घोड्याचं आहे," ते म्हणाले. "त्याला काही झालेलं नाही. ही भीतीची व्याधी. आमच्याकडे अँग्झायटी म्हणतात. मी फौजेत धिप्पाड माणसांना झालेली पाहिलीय, आणि लढाई संपून घरी आल्यावरसुद्धा झालेली पाहिलीय."

मी म्हणालो, "साहेब, मला भ्यायला काही नाही."

"म्हणूनच ती व्याधी. समोर वाघ असता तर तिला व्याधी म्हटलं नसतं. शरीर वाघ दिसल्यासारखं वागतं. काळीज धावायला तयार होतं, हात मारायला तयार होतात, तोंड सुकतं. आणि बघतोस तर वाघ नाही. मग माणूस घाबरून म्हणतो, वाघ माझ्या आतच असला पाहिजे."

मी विचारलं की मग मारामारी केली की बरं का वाटायचं. 

"तू स्वतःसाठी वाघ आणून उभा करत होतास. पळालास तरी तेच, मारलंस तरी तेच. शरीराला वाटतं, पळालो म्हणून वाचलो, मारलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते आणखी जोरात ओरडतं. काल दुपारी तू काहीच केलं नाहीस आणि तरी वाचलास. हे त्याला पुन्हा पुन्हा दाखवावं लागेल."

झोपेसाठी त्यांनी काही दिवस एक कडू औषध दिलं. बरगड्या जुळल्यावर, घरी सोडायच्या आधी, त्यांनी मला एक गोष्ट करायला लावली. तोंडाने भराभर श्वास घे म्हणाले, धावल्यासारखा. मी घेत राहिलो. थोड्याच वेळात बोटांत मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, भिंत दूर गेली. तेच सगळं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"मी करणी केली का तुझ्यावर?" ते म्हणाले. "आता हळू घे."

मी हळू घेतला. मुंग्या गेल्या.

मी अजून खाटेवरच असताना तो बदनावरचा पैलवान मला भेटायला आला होता. डोक्याला फडकं, समोरचे दोन दात गेलेले, डावा हात गळ्यात. मला वाटलं, मारायला आला. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"भिया, सच बता," तो म्हणाला. "तू किसके कहने पे भागा?"

"किसीके नहीं."

"गाँव में कोई मेरे हाथ का पानी नहीं पी रहा. बाप बात नहीं करता. सब बोलते हैं मैंने पैसा खाया. मैंने क्या खाया? मार खाई."

मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरांनी जसं सांगितलं तसं. त्याने लक्ष देऊन ऐकलं, पण चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला ते पटत नव्हतं.

"डर," तो म्हणाला. "मेरा डर?"

"तेरा नहीं."

"तो किसका?"

"किसीका नहीं. ऐसेच."

त्याने गळ्यातला हात सावरला. मग म्हणाला, "मेरे को वो नहीं मालूम. मेरे को कुश्ती चाहिए. पूरी. मेरे गाँव के आदमी बैठेंगे और देखेंगे."

 मी हो म्हणालो.

पाय जुळायला हिवाळा गेला. मी देवासला परत आलो, बायकोही आली. डॉक्टरांनी सांगितलं तसं मी करत गेलो, म्हणजे जिथे जाऊ नये असं वाटायचं तिथे जायचं आणि उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. गाठींच्या कोठीत जाऊन मी दार लावून बसायचो. सुरुवातीला तिथे मी ओकलो, एकदा दारावर डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं. हे काही सरळ चढत गेलेलं बरं होणं नव्हतं. आठवडाभर बरं वाटायचं आणि मग एखाद्या सकाळी पहिल्यासारखं. एकदा मुकादमाशी भांडण उकरून काढायला निघालो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो. 

उन्हाळ्यात तो बदनावरचा पैलवान आला. बरोबर त्याच्या गावची चार वडीलधारी माणसं, पांढऱ्या पागोट्यांची. वस्तादांनी माती खणून तेल, ताक, हळद घालून ठेवली होती. ढोल नव्हते, गर्दी नव्हती. ती माणसं आखाड्याच्या कडेला घोंगडीवर बसली.

ती कुस्ती सुंदर नव्हती. त्याच्या मनात इतक्या महिन्यांचा राग होता आणि त्याने तो लपवला नाही. मानेवर ठोके घालून घालून त्याने माझे कान लाल केले. मी त्याची टांग ओढून त्याला पाडला, तो पडता पडता माझ्या नाकावर डोकं देऊन गेला. नाकातून रक्ताची धार लागली, माती चिकट झाली. मी त्याचा बरा झालेला डावा हात धरला, पिरगाळला. तो ओरडला, पण त्याने सोडवून घेतला. दोनदा तो खाली गेला आणि निघाला. मग मी खाली गेलो. त्याने सवारी भरली, गुडघा मानेवर ठेवला, आणि ती भीती आली. छाती, घसा, बोटं, सगळं आलं.

मी पळालो नाही आणि चावलो नाही. मला शूर वाटत होतं असं मुळीच नाही. मला मरतोय असंच वाटत होतं. एवढंच की या वेळी मरतोय असं वाटत असताना मी उजवा खांदा सोडला, माझ्या जुन्या रीतीने. तो फसला नाही. त्याला ती ठाऊक होती. त्याने माझा तोच खांदा धरला, मला उलटवलं आणि छातीवर पूर्ण वजन टाकलं. पाठ मातीला लागली. त्याच्या तोंडातली लाळ आणि रक्त माझ्या गळ्यावर पडत होतं. माझी धडधड त्याच्या छातीला लागत असणार, कारण तो माझ्याकडे चमकून बघत होता.

घोंगडीवरचा एक म्हातारा म्हणाला, "चित."

तरी तो लगेच उठला नाही. हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "ये है वो?"

"हाँ."

"अरे बाप रे," तो म्हणाला आणि वजन बाजूला घेतलं. पण मला ओढून उठवलं नाही. शेजारी मातीत बसून राहिला, धडधड उतरेपर्यंत. मग उठून त्या चौघांकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "देख लिया ना सबने?" त्यांनी माना हलवल्या. त्यातला सर्वांत म्हातारा माझ्याजवळ आला, माझ्या रक्ताळलेल्या नाकाला बोट लावून बघितलं, जणू रक्त खरं आहे की नाही याची खात्री करत होता, आणि परत गेला.

माझी आयुष्यातली ती शेवटची कुस्ती. हरलो याचं दुःख झालं, चांगलं दोन महिने पुरेल एवढं. वस्ताद म्हणाले, खांदा उशिरा सोडलास. त्यांना त्या कुस्तीत दुसरं काही दिसलं नाही आणि मी दाखवायला गेलो नाही.

झटके गेले असं मी म्हणणार नाही. कमी झाले. मारामाऱ्या मात्र सुटल्या, त्यासाठी मला काही नेम धरावा लागला नाही. पुढच्या हंगामात एकदा कारखान्यात आम्ही दोघं एक गाठ थप्पीवर चढवत होतो आणि मधेच छाती वाजू लागली. मी जोडीदाराला म्हणालो, "जरा थांब. मला थोडा वेळ लागेल."

"कई हुयो?" त्याने विचारलं.

"काही नाही. छाती धडधडते. जाईल."

तो गाठीला टेकून तंबाखू मळत उभा राहिला. मी गाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मग आम्ही ती उचलली.